बारा गालांची साय

दर सोमवारी सकाळी नऊ वाजता विश्राम तांदळे आपला डावा गाल सुईपुढे धरीत असे. सुई केसाहून जेमतेम जाड होती आणि तिचा स्पर्श क्षणभराचा. वेदना म्हणावी अशी वेदना त्यात नव्हती. पण विश्रामची त्वचा लहानसहान गोष्ट मनाला लावून घेणाऱ्यांपैकी होती. टोचल्या जागी दुसऱ्या दिवशी ऊब येई, चौथ्या दिवशी ती ओसरे, आणि सगळे मिटले असे वाटत असतानाच दोन आठवड्यांनी तिथे तिळाएवढा काळा ठिपका उमटे. टोचल्यापासून तो विरेपर्यंत अकरा आठवडे जात. तोवर त्याच्या शेजारी त्याची दहा-अकरा भावंडे जन्माला आलेली असत. दीड वर्ष हे असेच चालले होते.

"श्वास सोड," डॉ. हुमेरा मुजावर म्हणाल्या. "झालं. हे शेवटचं."

विश्रामने डोळे उघडले. मिरजेच्या त्या रुग्णालयातील त्वचाविभागाची खिडकी रेल्वेच्या यार्डाकडे उघडत असे. रिकाम्या रुळांवर ऊन पडले होते, आणि त्याला वाटले, ऊनसुद्धा आज जरा सावकाश पडते आहे.

"तुम्ही रागावला नाही ना, मॅडम?"

"रागावून काय करू? गाल तुझा आहे. सरकारचा असता तर अर्ज केला असता." त्यांनी सुई डब्यात टाकली. "पुढच्या सोमवारी इंजेक्शन. शुक्रवारपासून जंतुनाशकानं तोंड धुवायला लाग. तुझ्या गालावरची साय त्यानं मरेल, तेवढं लक्षात ठेव."

"लक्षात आहे," तो म्हणाला. आणि खरोखरच, गेला महिनाभर त्याच्या लक्षात दुसरे काही नव्हते.

साय हे रुग्णांनी ठेवलेले नाव होते. कागदोपत्री तिला जिवंत लेप म्हणत. तिची गोष्ट समजायला त्वचेचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात आणि वेळ झाली की आपोआप गळून पडतात. जिथे डाग असतो तिथे मात्र त्या रेंगाळतात. सौम्य आम्ले हा चिकटा सैल करतात, जुना थर उतरतो, खालचा ताजा थर वर येतो. सगळी आम्ले सारख्या चालीची नसतात. उसापासून मिळणाऱ्या ग्लायकोलिक आम्लाचा रेणू इवलासा, तो धावतच आत शिरतो. कडू बदामाचे मँडेलिक आम्ल अंगाने जड, ते उंबरठ्यावर थांबत थांबत आत येते. दह्यातले लॅक्टिक आम्ल या दोहोंच्या मधले, आणि जाताना थोडा ओलावाही ठेवून जाणारे.

गोरी कातडी घाई खपवून घेते. सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी संख्येने जास्त नसतात, पण फार सावध असतात. किंचित आग झाली की त्या संकट आले असे समजून रंगाची छत्री उघडतात आणि महिनोन्‌महिने मिटत नाहीत. डाग घालवायला लावलेले आम्ल असा दुसरा, मोठा डाग देऊन जाते. विश्रामला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. सोळाव्या वर्षी त्याने दुकानातून आणलेले गोरेपणाचे मलम सहा महिने चोपडले होते, आणि तेव्हापासून तो रस्त्याच्या कडेने चालत असे, वर्गात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत डावा गाल भिंतीकडे येईल अशी जागा शोधत असे.

डॉ. मुजावरांच्या चमूने दह्यातल्या जिवाणूच्या एका जातीला लगाम घातला होता. तो कातडीवर राहतो, रात्रंदिवस थेंबाच्या हजाराव्या भागाइतके लॅक्टिक आम्ल सोडतो, आणि त्वचा अर्ध्या अंशाने जरी तापली तरी आम्ल सोडणे थांबवतो. आग होण्याआधीच माघार घेणारे आम्ल! चारशे रुग्णांचे डाग त्याने वर्षभरात, एकही नवा डाग न देता, पुसट केले होते.

मेख एकच होती. लगाम बाळगणे जिवाणूला महाग पडते. त्यात त्याची शक्ती खर्च होते. लगाम ओढण्याची वेळच आली नाही, तर काही पिढ्यांत तो गळून पडतो आणि बेलगाम वंश माजतो. म्हणून मूळ साय अशा गालावर सांभाळावी लागे, ज्याला आठवड्यातून एकदा मुद्दाम चिडवता येईल. जे थांबतील ते टिकतील, थांबणार नाहीत ते खरवडून टाकायचे. फ्रिजमध्ये ती झोपून राही, शिकत नसे. विश्राम तिथला तंत्रज्ञ. प्रयोगाच्या सुरुवातीला सर्वांत चिडकी त्वचा त्याचीच निघाली. दुसरा कोणी मिळेपर्यंत, असे ठरले होते. रुग्णालयाने तीनदा आवाहन केले. डाग घालवायला चारशे माणसे आली होती. दर आठवड्याला एक डाग पाडून घ्यायला एकही आले नाही.

आता नवे इंजेक्शन आले होते. रंगाच्या सावध पेशींना ते कायमचे शांत झोपवत असे. सहा आठवड्यांत चेहरा एकसारखा होणार होता, विश्रामच्याच रंगाचा, पण निर्मळ. तशी त्वचा सायीला पुढे काही शिकवू शकणार नव्हती. जिल्ह्याच्या वाट्याला यंदा सहाच इंजेक्शने आली होती आणि त्यांतल्या एकावर त्याचे नाव होते. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मागताना त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की डॉक्टरांना दोनदा "काय?" असे विचारावे लागले होते.

संध्याकाळी तो घरी निघाला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बेबीकाकू पाटोळे उभ्या होत्या. एकतीस वर्षे एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या या बाईंचा आवाज निवृत्तीनंतरही गाडीच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असाच राहिला होता.

"काय रे विश्राम, तुझ्या आईला माझा निरोप दे. म्हणावं, वाण लई भारी होतं. पण शनिवारपासून लावतीये आणि गाल नुसता ताणल्यागत झालाय. असंच असतंय का?"

"कसलं वाण, काकू?"

"आता! हळदीकुंकवाचं की. बाकीच्या बायका प्लास्टिकचे डबे वाटतात, तुझ्या आईनं स्टीलच्या डबीतनं तुझी ती साय दिली सगळ्यांना. दहा जणींना! काळ्या साड्या नेसून आलो होतो, काळ्या साडीत आमचे काळे गाल उजळवायला निघाली बाई." त्या मोठ्याने हसल्या आणि हसता हसता त्यांनी गाल दाबून धरला.

विश्राम जवळ गेला. सावळ्या चेहऱ्यावर लाली दिसत नाही, हीच तर फसवणूक असते. दिसते ती फक्त एक जांभळट, ओढल्यासारखी चकाकी. खात्री करायची तर स्पर्श करावा लागतो.

"काकू, हात लावू का?"

"लाव की. एकतीस वर्षं गर्दीत काढलीत मी, धक्क्याचं काय कौतुक मला!"

त्याने बोटांची मागची बाजू त्यांच्या गालाला टेकवली. गाल तापलेल्या भांड्यासारखा लागला.

घरी त्याची आई सारिकाताई अंगणवाडीची वही भरत बसली होती. तिच्या कपाळावरचे वांग वर्षभरात निम्म्याहून फिके झाले होते. त्यासाठी विश्रामने रुग्णालयाच्या परवानगीने एक छोटी बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. आज त्या बाटलीशेजारी मलमलीचे फडके बांधलेले पातेले होते. त्याने फडके सोडले. आत दह्यासारखे घट्ट, शुभ्र काहीतरी लागले होते.

"हे काय आहे, आई?"

"तुला सांगणारच होते." तिच्या आवाजात लपवलेल्या आनंदाचा सूर होता. "सगळ्या बायका विचारत होत्या, वांग कशानं गेलं. एवढ्याशा बाटलीतनं किती जणींना देणार? म्हणून विरजण लावलं. दह्याचाच जीव तो, तूच म्हणाला होतास. कोमट दुधात चमचाभर घातलं, सकाळी लागलं. मग रोज त्यातलं चमचाभर नव्या दुधात. पंधरा दिवस वाढवलं. काय सुरेख लागलंय बघ, पाणीसुद्धा सुटलेलं नाही!"

विश्राम खाली बसला. रागवावे असे त्याला वाटले, पण राग कुठे ठेवायचा ते सुचेना. पंधरा दिवस, रोज नवे दूध. म्हणजे शंभराच्या वर पिढ्या. दुधात खाण्याला तोटा नाही, कातडी नाही, ऊब वाढली तर थांबा असे सांगणारे कोणी नाही. जो जास्त भराभर आम्ल करील तोच मोठा. आईने अत्यंत मायेने, निगुतीने, लगाम नसलेली साय तयार केली होती.

"आई, ती थांबत नाही आता," तो म्हणाला. "माझ्या गालावर होती तेव्हा थांबायची. तिला थांबायला शिकवावं लागतं. दर सोमवारी गाल टोचून शिकवतो आम्ही. दुधात ती सगळं विसरली."

आईने वही मिटली. तिने त्याच्या डाव्या गालाकडे निरखून पाहिले.

"टोचून? म्हणजे त्या पुटकुळ्या नाहीत?"

"नाही."

"मी दीड वर्षं तुला भजी खाऊ देत नव्हते," ती हळूच म्हणाली. मग तिचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला आणि तिथेच थबकला. "आणि त्या बायका? त्यांना काय होईल?"

"दोन आठवड्यांनी डाग येतील. मोठे."

आईने पदर तोंडाला लावला. तिने दहा जणींना सौभाग्याचे वाण दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामने डॉ. मुजावरांना सगळे सांगितले. त्यांनी पातेल्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, उष्णतेची चाचणी केली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बेलगाम आहे. शंभर टक्के. तुझ्या आईंना आमच्या प्रयोगशाळेत नोकरी द्यायला हवी, इतकी शुद्ध वाढवलीये."

"धुऊन जाणार नाही?"

"तीन दिवसांत तिनं घर केलंय. जंतुनाशक लावलं तर त्याचीच आग होईल, डाग पक्के. एकच उपाय आहे. चांगली साय वरून सोडायची. लगामवाली साय तापलेल्या गालावर थांबून राहते, तग धरते. बेलगाम स्वतःच्याच आम्लात दमते. आठ-दहा दिवसांत तिची जागा चांगली साय घेते. पण झोपलेली साय चालणार नाही. जागी हवी, गालावरनं गालावर, कोमट असताना. उघड्यावर मिनिटभरात सुस्तावते ती."

"माझ्या गालावरची."

"दुसरीकडे आहे कुठे? रुग्णांचे गाल आपण टोचत नाही." खिडकीबाहेर एक इंजिन उगीचच मागेपुढे करीत होते. "विश्राम, मी तुला सांगणार नाही काय करायचं ते. आठ दिवस साय सांभाळलीस तर सोमवार जातो. इंजेक्शन यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं लागेल. आपल्या वाट्याला पुन्हा कधी येईल, वर्षानं की दोन वर्षांनी, मला माहीत नाही. आणि एक स्पष्ट बोलते. चूक तुझी नाही."

"बाटली घरी मी ठेवली होती."

"माझ्या सहीनं."

तो हसला नाही. त्याच्या मनात एक चेहरा होता, जो त्याने अजून पाहिला नव्हता. सहा आठवड्यांनंतरचा, निवांत, कोणाच्याही नजरेला नजर देणारा. गेला महिनाभर तो त्या चेहऱ्यासोबत जेवला होता, झोपला होता. त्याला त्याने मनातल्या मनात दारापर्यंत पोचवले आणि थोडा वेळ तिथे उभे राहून तो परत आला.

"उद्या सकाळी सातला सगळ्यांना आमच्या घरी बोलावतो," तो म्हणाला. "तुम्ही पद्धत दाखवायला याल?"

बुधवारी सातला तांदळ्यांच्या ओसरीवर दहा बायका जमल्या. विश्रामला वाटले होते, त्या भांडतील. काही जणी त्याच तयारीने आल्या होत्या. पण आई दारातच उभी राहिली आणि तिने कसलीही सारवासारव न करता सांगितले, "चूक माझी आहे. मी अक्कल न चालवता विरजण लावलं. पोरगा निस्तरतोय. मला काय बोलायचं ते नंतर बोला, आधी गाल पुढं करा." त्यापुढे भांडायला फारसे उरले नाही.

डॉ. मुजावरांनी पद्धत दाखवली. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा विश्रामच्या गालावर गोल फिरवायचा आणि लगेच, मनात साठ मोजायच्या आत, स्वतःच्या गालावर.

"चला, एका ओळीत," बेबीकाकूंनी ओसरीचा ताबा घेतला. "सुट्टे गाल हातात ठेवा. मागं ढकलू नका. ए ज्ञानदा, तू पुढं हो, तुला कामाला जायचंय."

विश्राम खुर्चीवर मान वर करून बसला होता. तेरा वर्षे त्याने या चेहऱ्याचे उजेडापासून रक्षण केले होते. आता सकाळचे कोवळे ऊन सरळ त्याच्यावर पडले होते आणि एकेक बाई वाकून, डोळे बारीक करून, चांगली जागा शोधीत होती. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"काय लाजतंय बघा," कोणीतरी म्हणाले. "दाखवायच्या कार्यक्रमाला बसलाय जणू."

"दहा जणी बघायला आल्यात एका वेळी. नशीब लागतं."

"पसंत आहे का विचारा!"

"मला पसंत आहे," बेबीकाकू म्हणाल्या, "पण मला नातवंडं हायत."

ओसरी हसली. विश्रामच्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि गालावरच्या सायीने, आपल्या स्वभावाला जागून, बहुधा क्षणभर काम थांबवले.

ज्ञानदा तंबोऱ्यांच्या कारखान्यात जवारीचे काम करीत असे. तारेखालची घोडी कानसेने कणाकणाने घासून सूर मोकळा करणारी गल्लीतली ती एकटीच मुलगी. तिचा हात कापसासह त्याच्या गालावर फिरला तो इतका हलका, की तो संपल्याचे त्याला उशिरा कळले.

"दुखलं?" तिने विचारले.

"नाही."

"मग डोळे का मिटलेत?"

त्याने डोळे उघडले. ती एव्हाना भिंतीला टेकून आपल्या हनुवटीला बोळा लावत होती, ओठ हलवत साठ मोजत होती, आणि त्याच्याकडे बघतच होती. बघण्यात काही विशेष नव्हते. लाकडाची प्रत पाहावी तसे ती पाहत होती, शांतपणे, जे आहे ते. विश्रामला वाटले, आपण उगीचच एवढी वर्षे लोकांच्या डोळ्यांत काय काय लिहीत बसलो.

हे दहा दिवस चालले. तिसऱ्या दिवशी एकीने पोहे आणले. पाचव्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडली. सहावा दिवस सोमवारचा होता; त्या दिवशी दहा वाजता इंजेक्शन होते. साडेनऊला, उशिरा आलेल्या एकीचा शेवटचा बोळा विश्रामच्या गालावरून फिरला तेव्हा त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. कोणालाही त्यातले काही ठाऊक नव्हते. दहाचा ठोका पडला, आणि मग आईने त्याच्या पुढ्यात भज्यांची ताटली आणून ठेवली.

दहाव्या दिवशी डॉ. मुजावर तापमापक घेऊन आल्या. त्यांनी अकरा गाल मोजले, आईच्या कपाळासह. एकाही ठिकाणी ऊब नव्हती. दोघींना फिकट सावलीसारखी एकेक जागा राहिली होती. तीही जाईल, असे त्या म्हणाल्या. ओसरीवर मोकळे श्वास सुटले. मग डॉक्टर सहज विश्रामकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, सोमवारी वेळेवर ये. एक टोचणं आधीच चुकलंय."

"टोचणं कसलं?" बेबीकाकूंनी विचारले.

विश्रामने विषय बदलायचा प्रयत्न केला. आईने तो बदलू दिला नाही. तिने सुई सांगितली, दीड वर्ष सांगितले, आणि मग ज्याचा विश्रामने घरात उच्चारही केला नव्हता ते इंजेक्शनही सांगितले. ते तिने डॉक्टरांकडूनच काढून घेतले होते.

"म्हणजे ह्याच्या एकट्याच्या गालावर चारशे माणसांची गाडी चाललीय," बेबीकाकू म्हणाल्या. "बदली ड्रायव्हर नाही?"

"जाहिरात दिली होती," डॉ. मुजावर म्हणाल्या. "दर आठवड्याला टोचून घेणारा माणूस मिळत नाही."

"दर आठवड्याला कोण घेईल? येड लागलंय का? अहो, एसटीत तरी एकाच माणसाला रोज कोल्हापूर मुक्काम लावत नाहीत. ड्यूटी फिरवतात." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आम्ही दहा. सारिका अकरावी. विश्राम बारावा. ह्याची साय आता आमच्या सगळ्यांच्या गालावर बसलीय का नाही?"

"बसलीये."

"मग? आठवड्याला एक गाल. आज माझा, पुढच्या आठवड्यात हिचा. माझा नंबर परत कधी?"

डॉ. मुजावर मनात आठवडे मोजू लागल्या. मग त्या हळूहळू, जणू स्वतःलाच, म्हणाल्या, "बारा आठवड्यांनी. टोचल्याचा डाग उमटून विरायला लागतात अकरा." त्यांनी विश्रामकडे पाहिले. "आम्ही एका माणसाच्या जागी दुसरा एक माणूस शोधत बसलो. बारा माणसं एका ओसरीवर कधी पाहिलीच नव्हती. प्रत्येक सोमवारी ज्या गालावर टोचलं त्याची साय बाकीच्यांकडे द्यायची, म्हणजे शिकवण सगळीकडे पोचेल. हे चालेल. हे चांगलं चालेल."

"पण डाग पडेल," विश्राम म्हणाला. "काकू, खरंच पडतो. चेहऱ्यावर. लोक विचारतात."

"किती मोठा?"

"तिळाएवढा."

"आणि जातोय?"

"एकटाच असला तर जातो."

"डाग राहू दे एकटा. तू कुठं एकटा राहिलास आता," ज्ञानदा म्हणाली, आणि लगेच, स्वतःच्याच वाक्याने थोडी गोंधळून, चपला शोधू लागली.

बेबीकाकूंनी अंगणवाडीच्या वहीचे शेवटचे पान फाडून घेतले आणि त्यावर रेघा मारल्या. पहिले नाव कोणाचे यावर थोडी हुज्जत झाली. आई म्हणाली, पहिली मी, आणि बेबीकाकूंनी लगेच ते लिहून टाकले. विश्रामचे नाव सर्वांत खाली गेले. "तू आधीच बराच ओव्हरटाइम केलायस," असा त्याला खुलासा मिळाला.

सोमवारी नऊ वाजता सुई विश्रामच्या हातात होती. गालाच्या बाजूने ओळखीची असलेली ती खोली या बाजूने फार वेगळी दिसत होती. आई खुर्चीवर ताठ बसली होती. तिची कातडी जवळून पाहिली तर तिच्यात कितीतरी रंग होते. कानाजवळ तांबूस, कपाळावर वांगाची विरत चाललेली सावली, गालावर ओल्या मातीसारखा एक गर्द, जिवंत सावळेपणा. हाच रंग आपल्यात आला आहे, हे त्याला माहीत होते. तो सुंदर आहे, हे कधी तपासून पाहिले नव्हते.

"काय बघतोयस एवढं," आई म्हणाली.

"तुला."

"घाल सुई. बाराला मला अंगणवाडी उघडायचीय."

त्याने घातली. तिने पापणीही हलवली नाही. फक्त, काम झाल्यावर, सुई धरलेला त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन क्षणभर तसाच धरून ठेवला. डॉ. मुजावर पाठ फिरवून नोंद करीत होत्या, ती नोंद करायला त्यांना बराच वेळ लागला.

फेब्रुवारीच्या मध्यावर आईच्या गालावर तो उमटला. तिळाएवढा, काळाभोर, अगदी दिसेल अशा जागी. विश्रामचा स्वतःचा गाल तोवर ओसाड होऊ लागला होता. ठिपक्यांमागून ठिपके विझत होते आणि दोन आठवड्यांत नव्याची भर पडली नव्हती. इंजेक्शनाने जो निर्मळ चेहरा आला असता तो हा नव्हता. मलमाच्या जुन्या खुणा राहणारच होत्या, काही सावकाश जातील, काही जाणार नाहीत. पण आरशात तो चेहरा त्याला आता भेटायला आलेल्या माणसासारखा दिसे, हजेरी घ्यायला आलेल्यासारखा नव्हे.

शनिवारच्या बाजारात मायलेक भाजी घेत होते. मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या आईकडे भाजीवालीने निरखून पाहिले.

"ताई, गालाला काय झालं वो? माझ्याकडं एक मलम हाय, आठ दिवसांत साफ."

"मलम नको," आई जुडी हलवून पाणी झटकत म्हणाली. "ड्यूटी होती माझी."

"कसली ड्यूटी?"

आईने सांगायला सुरुवात केली. साय, सुई, बारा गाल, बेबीकाकूंचा तक्ता; अंगणवाडीतल्या मुलांना सांगावे तसे, हातवारे करून. भाजीवालीने वजनाचा काटा तसाच अर्ध्यावर सोडला. मागे उभे असलेले दोघेतिघेही ऐकू लागले. गोष्ट संपली तेव्हा भाजीवाली पिशवी धरून उभ्या असलेल्या विश्रामकडे वळली. तिने त्याचा चेहरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, सावकाश, बाजारी नजरेने पाहून घेतला.

"आन् तुमची?"

दुपारचे ऊन नेमके त्याच्या डाव्या बाजूला होते. विश्रामने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझी एप्रिलात," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघून हसला.